केमो संपली, पण थकवा का संपत नाही?

लिम्फोमाच्या अनेक प्रकारांत 'आर-चॉप' ही केमोथेरपी दर 21 दिवसांनी, बहुधा सहा वेळा देतात. शेवटचा डोस होतो, पेट स्कॅन चांगला येतो, घरात पेढे आणले जातात. आणि पेशंट मात्र नुसती आंघोळ करून आला तरी पलंगावर आडवा होतो. घरचे म्हणतात, "आता आजार गेला ना, मग झालं काय?" हळूहळू तोही स्वतःला आळशी समजायला लागतो. नाहीतर आजार उलटला की काय, या धास्तीनं त्याची झोप उडते.

म्हणून आम्ही आधी हेच सांगतो, की हा थकवा खरा आहे. दिवसभर राबल्यावर आलेला शीण झोपेनं उतरतो, हा उतरत नाही. काहींना तो महिनोन्‌महिने राहतो. पण नुसता थकवा म्हणजे आजार परत आला, असं नव्हे.

तरीही "केमोनंतर असं व्हायचंच" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. कारण काही कारणांवर इलाज आहे. हिमोग्लोबिन कमी असेल. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉईड मंदावलेली असू शकते. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. शिवाय बिघडलेली झोप आणि मनाची उदासी, हीही कारणं असतात.

आणि सगळ्या तपासण्या ठीक आल्या तर? मग पडून राहायचं का? नाही. पडून राहिलं की स्नायू आणखी कमजोर होतात आणि थकवा वाढतो. यावर सर्वांत चांगला उपयोग व्यायामाचा होतो. डॉक्टरांना विचारून पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवत न्या. आठवड्यातून तीनदा अर्धा तास जमलं, तर उत्तमच. विन्क्रिस्टिनमुळे तळपाय बधिर असतील तर बूट घालून, सपाट जागीच चाला.

इथे एक चूक बरेच जण करतात. बरं वाटलं त्या दिवशी बँक, बाजार, पाहुणे, सगळं उरकतात आणि पुढचे दोन दिवस उठवत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना, तसंच हे. चांगल्या दिवशीही थोडं हातचं राखून ठेवा. भाजी बसून निवडा, आंघोळीला स्टूल घ्या, दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा.

मात्र 100.4 अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, यांपैकी काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. नवीन गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, उगाच घटणारं वजन, हेही पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

आता घरच्यांसाठी एक सांगतो. "तू नुसता पडून राहा" नको आणि "आता ऊठ की" हेही नको. सकाळी चहा देताना एवढंच विचारा, "आज काय जमेल?" आणि जे उत्तर येईल त्यावर विश्वास ठेवा.