झिजणाऱ्यांच्या जिवावर तरंगणारं घर

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एप्रिल-मे उजाडला की शिडाच्या बोटी उत्तरेची वाट धरतात. चक्रीवादळांचा हंगाम सरलेला असतो, आग्नेयेचे व्यापारी वारे स्थिरावलेले असतात आणि सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेला ग्रेट बॅरियर रीफ खुल्या समुद्राच्या लाटा बाहेरच थोपवून धरतो. ब्रिस्बेनहून व्हिटसंडे बेटं, मग केर्न्स, पुढे लिझार्ड बेट असे मुक्काम करत जायचं आणि नोव्हेंबरात वादळं सुरू व्हायच्या आत दक्षिणेला परतायचं. यातल्या बऱ्याच बोटी हेच त्यांच्या मालकांचं घर असतं आणि अशा घरासाठी पुष्कळांची पसंती कॅटामरानला असते.

याला कारण आहे. एकाच तळाच्या शिडाच्या बोटीला उलटू न देण्यासाठी खाली शिशाचं किंवा लोखंडाचं ओझं बांधावं लागतं. कॅटामरानला दोन तळ असल्यामुळे तिचा तोल रुंदीवर सांभाळला जातो. १२ मीटर लांबीची बोट साडेसहा-सात मीटर रुंद असते, पण पाण्याखाली असते जेमतेम मीटरभर. क'गारी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या उथळ, गाळाच्या खाडीतून ती सहज निघते. मॅकायसारख्या ठिकाणी उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहा मीटरच्या आसपास वरखाली होते. तिथे ही बोट ओहोटीला वाळूवर सरळ उभी राहते आणि मालक स्पॅनर घेऊन तिच्याखाली शिरतो. सोय मोठी, पण फुकटची नाही. इंजिनं दोन, पंखे दोन, सुकाणू दोन. म्हणजे खाऱ्या पाण्यात बुडालेला धातूही दुप्पट.

खारं पाणी हा विजेचा चांगला वाहक. त्यात दोन वेगळे धातू बुडवून एकमेकांना जोडले की बॅटरी तयार होते. इंजिनाची पाण्यात उतरणारी ॲल्युमिनियमची तंगडी आणि तिच्यावरचा ब्रॉन्झचा पंखा ही अशीच जोडी. अधिक क्रियाशील धातू इलेक्ट्रॉन देतो आणि विरघळतो, दुसरा शाबूत राहतो. म्हणजे पंखा टिकेल, तंगडीला मात्र भोकं पडतील. यावरचा उपाय असा, की दोघांपेक्षाही क्रियाशील असा जस्ताचा तुकडा तिथे जोडायचा. तो झिजतो आणि बाकीचे वाचतात. याला ॲनोड म्हणतात. मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या पोलादी जहाजांच्या तळाला ओळीने लावलेले ठोकळे असतात, तेही हेच काम करतात.

ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे. ब्रिटिश नौदल तेव्हा लाकडी जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकत असे आणि ते पत्रे समुद्रात झिजत. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये दाखवून दिलं, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटासा तुकडा जोडला तरी झीज थांबते. मग कोचीनमध्ये सागवानात बांधलेल्या 'समरांग' या युद्धनौकेवरही असे लोखंडी तुकडे बसवले गेले. पुढे भलतीच अडचण उभी राहिली. तांबं वाचलं, पण अशा जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि बार्नॅकल चिकटू लागले. तांब्याचे विरघळणारे आयनच तर या जिवांना दूर ठेवत होते! तांबं झिजायचं थांबलं आणि त्याचा विषारी पहाराही उठला. नौदलाने काही वर्षांतच ही व्यवस्था गुंडाळली.

आजच्या बोटीवर ही दोन्ही कामं वेगळी केलेली आहेत. धातू वाचवायला ॲनोड, आणि जीव दूर ठेवायला तळाला तांब्याची संयुगं असलेला रंग. त्यातला एक प्रकार साबणाच्या वडीसारखा थराथराने झिजतो आणि दर वेळी ताजं तांबं उघडं पाडतो. विसाव्या शतकात कथिलाचं एक संयुग, ट्रायब्युटिल टिन, याहून प्रभावी ठरलं होतं. इतकं, की फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीतल्या कालवांची शिंपलीच वेडीवाकडी होऊ लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्याला बंदी घातली आणि जगभराची बंदी २००८ मध्ये अमलात आली. तांबंही निरुपद्रवी नाही. म्हणूनच वाळूवर उभ्या बोटीखाली ॲनोड बदलता येतो, पण जुना रंग खरवडून त्याचा चुरा प्रवाळांच्या समुद्रात सोडता येत नाही. रंगासाठी बोट यार्डातच न्यावी लागते.

ॲनोड बदलताना बैठक आधी घासून चकचकीत करावी लागते. मध्ये रंगाचा किंवा गंजाचा पापुद्रा राहिला, तर वीज वाहत नाही. ॲनोडला रंग तर चुकूनही लावायचा नसतो. नदीच्या गोड्या-मचूळ पाण्यात बोट नांगरून ठेवायची असेल, तर जस्तावर थर बसून ते निष्क्रिय होतं. तिथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ॲनोड लागतो.

मरीनात किनाऱ्यावरची वीज घेतली, की आणखी एक गंमत होते. त्या केबलमधली अर्थिंगची तार शेजारच्या सगळ्या बोटींचे धातू आपल्या धातूंशी जोडते. मग एखादा शेजारी स्वतःचे ॲनोड न बदलता आपल्या जस्तावर निवांत राहतो. अगदी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! यासाठी त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. हे क्षीण प्रवाह तो अडवतो, पण विजेचा दोष उद्भवला तर मोठा प्रवाह जाऊ देतो.

स्टेनलेस स्टीलची तऱ्हा उलटी. त्याचं संरक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. उघड्या कठड्यावर दिसणारे चहाच्या रंगाचे डाग बहुधा वरवरचे असतात आणि पुसले की जातात. खरा धोका असतो तो डोलकाठीच्या तारा डेकला जिथे जोडलेल्या असतात तिथे, फटीत साचलेल्या पाण्यात. तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि धातू आतल्या आत चिरत जातो.

मग लक्षात येतं, की या घरात जागोजागी बळी द्यायच्या वस्तू मुद्दाम ठेवलेल्या आहेत. गुंडाळलेल्या पुढच्या शिडाच्या कडेला वेगळ्या कापडाची पट्टी शिवलेली असते. अतिनील किरणं तिला खातात, शीड वाचतं. नांगराची साखळी थेट बोटीला ताणत नाहीत. दोन्ही तळांच्या नाळेपासून नायलॉनचे दोर साखळीला बांधतात; लाटेचा हिसका ताणून घेत ते झिजतात आणि डेकवरचे खुंट शाबूत राहतात. इंजिनाला थंड पाणी पुरवणाऱ्या पंपातलं रबरी चक्रही असंच, ठरावीक काळाने बदलायचं. सुट्या भागांच्या पेटीत याच वस्तू भरलेल्या असतात. महाग काय आहे हे ओळखून त्याच्या आधी स्वस्त काय झिजेल, एवढी योजना केली की देखभालीचं निम्मं काम झालं.

म्हणून तपासणीचा निकषही उलटा असतो. ॲनोड निम्मा झिजला, तर तो बदलायचा. त्याने आपलं काम केलं. पण सहा महिने खाऱ्या पाण्यात राहूनही जो नवाकोरा दिसतो, त्याची चिंता करायची. त्याची जोडणी कुठेतरी तुटलेली आहे आणि त्याच्या वाट्याची झीज दुसराच कुठला तरी धातू सोसतो आहे.