कंबर धरली? बाजेवर पडू नका, कामाची रीत बदला



खुरपणी सुरू झाली की घरोघर एकच वाक्य ऐकू येतं, "कंबर धरली बघा." कुणी बाम चोळतं, कुणी गरम विटेनं शेकतं, कुणी मेडिकलमधली गोळी गिळून पुन्हा रानात जातं. हे दुखणं इतकं अंगवळणी पडलंय, की त्याला आजार म्हणायलाही आपण तयार नसतो. पण माणसाला कामापासून तोडणाऱ्या दुखण्यांत जगभर कंबरदुखीचाच पहिला नंबर लागतो. २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना ती होती. घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई ऐन हंगामात आडवी झाली, तर मजुरी, डॉक्टर आणि पिकाचं नुकसान असा तिहेरी खर्च अंगावर येतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

उसण वेगळी, जुनं दुखणं वेगळं

अचानक उसण भरते, चमक निघते, ती बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. पायाळू माणसाकडून पाय लावून घेतल्यावर गुण येतो, त्याचं कारणही हेच. दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं, की त्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. तिच्यावर एका गोळीत किंवा एका इंजेक्शनात इलाज नाही. पण ती आटोक्यात ठेवून काम करता येतं, हे मात्र खरं.

'मणक्यात गॅप' म्हणजे काय?

फोटो काढला, की "मणक्यात गॅप आलाय" असं सांगितलं जातं आणि माणूस खचतो. आता आपलं संपलं, असं धरून चालतो. लक्षात घ्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले, तरी शंभरातल्या सुमारे ऐंशी जणांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसतात. केस पिकतात तशी ही झीज. फोटोत गॅप दिसला म्हणजे दुखणं त्याचंच आहे, असं नाही. त्यामुळे पुढे दिलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर कर्ज काढून फोटो काढण्याची घाई करू नका.

पडून राहिल्यानं कंबर कमजोर होते

महिनाभर बाजेवर पडलं की पाठीचे स्नायू सुटतात, मग साधी घागर उचलली तरी कंबर पुन्हा धरते. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा बांधणं आणि वजन लावून कंबर ओढणं यांची मात्र त्यात शिफारस नाही.

तुम्ही म्हणाल, दिवसभर राबतो, आणखी कसला व्यायाम? पण ओणवं राहून राबणं आणि ताठ चालणं यात फरक आहे. कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२४ साली आला. ज्यांना ठरवून, हळूहळू वाढवत चालायला लावलं, त्यांची कंबर पुन्हा धरायला सरासरी २०८ दिवस लागले. बाकीच्यांची ११२ दिवसांतच धरली. तेव्हा रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, हातात ओझं न घेता ताठ चाला.

आणखी एक सवय मोडा. बरं वाटलं की दोन दिवसांचं काम एका दिवसात ओढायचं आणि मग चार दिवस कण्हत पडायचं, यानं दुखणं कधीच हटत नाही. काम रोज थोडं, पण नेमानं करा.

दोष कंबरेचा की दांड्याचा?

जरा लांबचं उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या भाजीच्या मळ्यांत मेक्सिकोकडचे मजूर हातभर दांड्याच्या कुदळीनं खुरपणी करत. दिवसभर ओणवं राहून त्यांच्या कंबरा मोडल्या. मळेवाल्यांचं म्हणणं, लांब दांड्यानं रोपं तुटतील. प्रकरण तिथल्या वरिष्ठ कोर्टात गेलं आणि १९७५ साली त्या आखूड कुदळीवर बंदी आली. मजूर लांब दांड्याची कुदळ वापरू लागले, तरी मळे काही बुडाले नाहीत.

आपल्याकडं खुरपं टाकून देता येत नाही, हे कबूल. पण दोन ओळींतलं तण सायकल कोळप्यानं उभ्यानं निघतं. खुरपं फक्त रोपाजवळ चालवा, तेही ओणवं न राहता बसून. खराटा, फावडं, शेण ओढायचं खोरं यांचे दांडे छातीपर्यंत येतील इतके लांब करून घ्या. सुताराचा एका दिवसाचा खर्च कंबरेपेक्षा महाग नाही. अवजारांच्या अनुदानाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

रोजच्या कामात हे पाळा

१. अर्धा तास वाकून काम झालं की उभे राहा. दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच-सात वेळा हलकेच मागं वाका.

२. रात्रभर झोपल्यावर मणक्यातल्या गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्या उठल्या शेणाची पाटी उचलू नका. आधी धारा काढा, थोडं फिरा, मग ओझं.

३. पहारीचं टोक जितकं लांब, तितका जोर जास्त. ओझ्याचंही तसंच. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. ती अंगापासून लांब धरली तर कंबरेवरचा ताण कैक पटींनी वाढतो. गुडघे वाकवा, गोणी पोटाशी घ्या आणि वळताना कंबर न पिळता पाय वळवा.

४. एका माणसानं ५५ किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ सालीच केली आहे. आपण सोयाबीनचं पोतं ठासून साठ-सत्तर किलोचं भरतो. तोंड लवकर शिवा, पोती दोन जास्त होऊ द्या.

५. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर वीस किलो होतात. दहा लिटरच भरा. पंप ओट्यावर ठेवून पाठीवर घ्या, दोन्ही पट्टे लावा.

६. ट्रॅक्टरवरून उडी मारू नका. तासाभरानं उतरून चार पावलं चाला. उतरल्या उतरल्या पोतं उचलू नका.

गोळ्या आणि ऑपरेशन जपून

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या रोज, मनानं खाल्ल्या तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं खराब होतात. उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला हा धोका जास्त. कसलं इंजेक्शन आहे, ते विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका.

भगिनींनो, तुम्हाला एक खास सांगणं. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कंबर दुखते म्हणून पिशवी काढणं हा इलाज नव्हे. कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. असा सल्ला मिळाला, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

पायातली ताकद जाणं, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटणं, बसायची जागा बधिर होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. संध्याकाळी ताप, वजन घटणं आणि रात्रीही न थांबणारी कंबरदुखी असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. झाडावरून, बैलगाडीतून पडल्यावरची कंबरदुखीही अंगावर काढू नका.

गावकारभाऱ्यांनी काय करावं?

सरपंच, भाऊसाहेब, हे काम तुमचंही आहे. पाण्याच्या नळाशी कंबरेइतका ओटा बांधला तर हंडा जमिनीवरून उचलावा लागत नाही. दोन-चार सायकल कोळपी ग्रामपंचायतीनं किंवा बचतगटानं घेऊन भाड्यानं दिली तर लहान शेतकऱ्यालाही परवडतील. आरोग्य उपकेंद्रातल्या अधिकाऱ्यांना ग्रामसभेत बोलावून व्यायाम दाखवायला सांगा.

बैलाच्या खांद्याला आवाळू आलं, तर आपण जू बदलतो, बैलाला दोष देत नाही. मंडळी, स्वतःच्या कंबरेलाही तोच न्याय लावा. या हंगामात निदान एका अवजाराचा दांडा तरी लांब करून घ्या.