अडलेला संगणक काय सांगतो?

(नभोवाणीवरील भाषण)

डहाणू-घोलवडकडचे चिकू मुंबईच्या बाजारांत येतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच लोहमार्गानें उलट दिशेस काय जातें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करितों. मुंबईच्या घरांत नवी वस्तु आली कीं जुनी गांवाकडे जाते: आधीं पंखा गेला, मग दूरदर्शनचा संच गेला, आणि आतां संगणकाची पाळी आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल तिच्या कंपनीनें थांबविली. पुढची आवृत्ति अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाहीं. त्यामुळें अंगानें धडधाकट पण कामास निरुपयोगी ठरलेलीं यंत्रें घरोघर दिसूं लागलीं आहेत. त्यांतलें एखादें डहाणूच्या आप्तांकडे, तर एखादें तलासरीच्या शाळेंत पोंचावें, हें स्वाभाविकच आहे.

अशा यंत्रास पुन्हां कामाला लावण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे लिनक्स. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं आरंभिलेल्या ‘ग्नू’ या उपक्रमांतील साधनांची त्याला जोड मिळाली, आणि त्यांतून पुढें उबुंटू, मिंट, डेबियन इत्यादि संच तयार झाले. हे संच विकत घ्यावे लागत नाहींत, आणि त्यांची प्रत काढून शेजाऱ्यास देण्यास कसलीहि आडकाठी नाहीं.

परंतु यंत्र फुकट मिळालें व प्रणालीहि फुकट मिळाली, एवढ्यानें काम भागत नाहीं. तें यंत्र अडलें म्हणजे काय करावें, हा खरा प्रश्न आहे. शहरांत दुरुस्तीचें दुकान चार पावलांवर असतें. तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून यंत्र पोत्यांत बांधून दुकान गांठावयाचें, म्हणजे माणसाचा सबंध दिवस मोडतो. म्हणून यंत्र देणाऱ्यानें त्याबरोबर थोडी विद्याहि दिली पाहिजे. ती विद्या कोणती, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आरंभीं माझीच एक चूक सांगतों. डहाणूस माझ्या मामांच्या घरीं लिनक्सवर चालणारा असाच एक जुना संगणक होता. मी सुटींत तेथें गेलों असतां त्यानें एक विचित्र खोड धरली होती. तो नांव विचारी, पासवर्ड घेई, पडदा क्षणभर काळा होई, आणि तो पुन्हां नांव विचारी. मध्येंच एक इंग्रजी ओळ चमकून जाई. ती वाचण्याचे श्रम मीं घेतले नाहींत. प्रणाली बिघडली असें ठरवून मीं सबंध डिस्क पुसली व नवा संच बसविला. तासाभरांत यंत्र नव्यासारखें चालूं लागलें. मग मामींनीं विचारलें, “अरे, आईच्या ओव्या कुठं आहेत?” त्यांच्या आईनें जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्या यंत्रांत ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या, आणि दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. मामांनीं ती चमकणारी ओळ आदल्याच दिवशीं आपल्या वहींत उतरून ठेविली होती. मीं ती नंतर वाचली. डिस्कवर जागा उरलेली नाहीं, एवढेंच तींत म्हटलें होतें. दहा मिनिटांचें काम होतें. मामी मला कांहीं बोलल्या नाहींत, आणि म्हणूनच तें अजून विसरतां येत नाहीं.

त्या दिवसापासून मीं तीन नियम पाळले आहेत. पहिला, यंत्र जो संदेश देतें तो अक्षरशः वाचावा व वहींत उतरून घ्यावा. दुसरा, एका वेळीं एकच बदल करावा, म्हणजे कशानें गुण आला तें कळतें. तिसरा, कोणताहि मोठा उपाय करण्यापूर्वीं आपल्या फायलींची प्रत काढून घ्यावी. रोग्याची हकीकत ऐकल्याशिवाय वैद्य औषध देत नाहीं, तसेंच हें आहे. लिनक्स तर आपली हकीकत स्वतःच सांगतें. ऐकणारा मात्र हवा.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे अपडेट चालूं असतां वीज जाणें. पावसाळ्यांत हें व्हावयाचेंच. वीज आल्यावर नवीन कांहीं बसवूं गेल्यास उबुंटू, मिंट व डेबियन हे संच नकार देतात आणि म्हणतात, ‘डी-पी-के-जी’चें काम मध्येंच तुटलें आहे, अमुक आज्ञा चालवा. ती आज्ञा त्याच ओळींत लिहिलेली असते. प्रथम ‘सुडो’ हा शब्द, मग एक जागा सोडून ‘डी-पी-के-जी’, पुन्हां जागा सोडून दोन उण्या खुणा व त्यांस लागून ‘कॉन्फिगर’, शेवटीं जागा सोडून एक उणी खूण व ‘ए’. टर्मिनल उघडून ती जशीच्या तशी लिहिली कीं अर्धवट राहिलेलें काम पुरें होतें. येथें रोगानेंच औषध सांगितलें आहे. तरी पुष्कळ लोक ती ओळ न वाचतां यंत्र दुकानांत नेतात.

‘सुडो’ म्हणजे प्रमुखाच्या अधिकारानें केलेलें काम. तो शब्द लिहिला कीं पासवर्ड विचारला जातो, आणि पुष्कळ संचांत टंकतांना पडद्यावर एकहि अक्षर किंवा ठिपका उमटत नाहीं. नवख्या माणसास वाटतें, कळफलकच बिघडला. तसें नाहीं, अक्षरें आंत जातच असतात. पासवर्ड पुरा करून ‘एंटर’ दाबावें. मात्र जी आज्ञा आपणांस समजली नाहीं, तिच्यापुढें हा शब्द कधींहि लिहूं नये.

आतां मामांच्या यंत्राचा रोग पाहूं. डिस्क कांठोकांठ भरली म्हणजे प्रवेश करतांना लागणाऱ्या लहानसहान फायली लिहिण्यासहि जागा राहत नाहीं, आणि यंत्र आपल्याला दारांतूनच परत पाठवितें. अशा वेळीं ‘कंट्रोल’, ‘आल्ट’ व ‘एफ-३’ या तीन कळा एकदम दाबाव्या. साधा काळा पडदा येईल. तेथें नांव व पासवर्ड द्यावा. मग ‘डी-एफ’, एक जागा, उणी खूण व ‘एच’ असें लिहावें. जो तक्ता येईल त्यांत ज्या ओळीच्या शेवटीं केवळ एक तिरपी रेघ आहे, ती ओळ पाहावी. तींत शंभर टक्के जागा भरल्याचें दिसलें, तर निदान झालें. ‘सुडो एपीटी क्लीन’ या आज्ञेनें बसवून झालेल्या संचांच्या सांठविलेल्या प्रती पुसल्या जातात व थोडी जागा होते; आपल्या फायलींस धक्का लागत नाहीं. मग ‘सुडो रीबूट’ लिहून यंत्र नव्यानें सुरू करावें, आंत गेल्यावर कचरापेटी रिकामी करावी, आणि मोठे चित्रपट दुसरीकडे हलवावे.

दुसरा नित्याचा प्रसंग म्हणजे वीज गेल्यानंतर यंत्र सुरूच न होणें. वास्तविक लिनक्सची डिस्क अशा धक्क्यास तयार असते. दुकानदार प्रत्येक व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपतो व मग खतावणींत चढवितो. मध्येंच दिवा गेला तरी रोजकीर्दीवरून खातें जुळवितां येतें. लिनक्सची नेहमीची ‘एक्स्ट-४’ ही फाईल-व्यवस्था हीच रीत पाळते, म्हणून बहुतेक वेळां यंत्र आपणच सांवरतें. क्वचित् तें ‘इनिट-रॅम-एफ-एस’ असा शब्द दाखवून थांबतें आणि डिस्कच्या कोणत्या भागाची तपासणी करावयाची तें सांगतें. तेथें ‘एफ-एस-सी-के’ लिहून, एक जागा सोडून, पडद्यावर दाखविलेलें त्या भागाचें नांव लिहावें, व प्रश्नांस ‘वाय’ असें उत्तर द्यावें. ही तपासणी चालत्या, वापरांत असलेल्या भागावर मात्र कधींहि करूं नये. वीज गेली नसतांहि हाच प्रसंग वारंवार येऊं लागला, तर डिस्कच थकली आहे असें समजावें. अशा वेळीं तपासणीच्या आधीं प्रत काढावी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. टेबलावरच्या संगणकास एक लहान यूपीएस जोडावा. यंत्र नीट बंद करण्यापुरतीं दहा मिनिटें मिळालीं तरी पुरे.

एकाच लक्षणाचीं दोन कारणें कशीं असतात, तें घड्याळावरून कळतें. समजा, घड्याळ चुकीचें आहे व कांहीं संकेतस्थळें ‘हें सुरक्षित नाहीं’ म्हणून उघडत नाहींत. घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलें असेल, तर आंतील नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुधा ती ‘सीआर २०३२’ या नांवाची असते आणि सहज मिळते. परंतु चूक बरोबर साडेपांच तासांची असेल, तर बॅटरीचा दोष नाहीं. त्या यंत्रावर विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदत आहेत. लिनक्स यंत्राच्या घड्याळांत जागतिक प्रमाणवेळ ठेवतें, विंडोज स्थानिक वेळ ठेवतें, आणि भारताची वेळ साडेपांच तास पुढें आहे. ‘टाइमडेटसीटीएल’, जागा, उण्या खुणांनीं जोडलेले ‘सेट-लोकल-आरटीसी’, जागा, आणि एक हा आंकडा, एवढें लिहिल्यानें दोघांचें भांडण मिटतें. किती चुकलें तें पाहिलें, म्हणून कारण सांपडलें.

जुन्या यंत्रांत वाय-फाय न दिसणें हेंहि नेहमींचेंच. प्रथम कळफलकावरची विमानाच्या चित्राची कळ पाहावी. ती चुकून दाबली गेलेली असते. तसें नसेल तर त्या भागास लागणारी फाईल यंत्रांत नसते, आणि ती आणावयास इंटरनेट हवें, असा पेंच पडतो. तो सोडविण्यास आपला फोन तारेनें संगणकास जोडावा व फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें. बहुधा लगेच जोडणी मिळते. मग मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ पुढील मार्ग दाखवितो.

मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन दिसले, तर फाईल बिघडलेली नसते, अक्षरसंच नसतो. ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ हा देवनागरी संच बसवावा. लोहित म्हणजे तांबडा. ‘रेड हॅट’ या कंपनीच्या पुढाकारानें तो निर्माण झाला, म्हणून हें नांव. टंकण्यासाठीं उबुंटूच्या सेटिंग्जमध्यें कळफलकाच्या यादींत मराठी जोडावी. ‘सुपर’ ही कळ व ‘स्पेस’ एकदम दाबल्यानें इंग्रजी-मराठी बदलतां येतें. येथील मांडणी ‘इन्स्क्रिप्ट’ पद्धतीची असते. तिचा विशेष असा, कीं ज्या कळेवर मराठी ‘क’ आहे, त्याच कळेवर गुजराती ‘क’ही आहे. डहाणू-तलासरी गुजरातच्या सीमेस लागून. ज्या घरांत पत्र मराठींत व हिशेब गुजरातींत लिहिला जातो, तेथें बोटांस एकदांच शिकवावें लागतें.

आतां शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसूं लागले. कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. अशा वेळीं माणूस मुलांस घेऊन बाहेर पळतो, कागदांस हात घालण्यास वेळ नसतो. जमिनीचे उतारे, जातीचा दाखला, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचीं कागदपत्रें, हीं ज्या घरीं आहेत त्या घरास त्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणीं असणें किती मोलाचें आहे, हें निराळें सांगावयास नको. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ हें साधन प्रणालीची प्रत ठेवतें. आपलीं छायाचित्रें व कागद त्यांत, मुद्दाम सांगितल्याशिवाय, येत नाहींत. ते वेगळे पेन ड्राइव्हवर घ्यावे, उघडून खात्री करावी, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या घरीं ठेवावा. प्रणाली सुरूच होत नसली तरी निराश होऊं नये. लिनक्सचा संच पेन ड्राइव्हवरूनच चालतो. डिस्कला हात न लावतां तसा तो चालवून आंतील फायली बाहेर काढतां येतात. हें मला त्या दिवशीं ठाऊक असतें, तर ओव्या वांचल्या असत्या.

अधिक शिकूं इच्छिणारांसाठीं मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठींतहि आहेत.

ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, आणि १९५७ सालीं तें डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर आलें. मोंटेसरीबाईंची पद्धति त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं घेतली, परंतु महाग साधनांची वाट पाहिली नाहीं. आसपास सांपडणाऱ्या वस्तूंचींच साधनें केलीं, आणि गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणांत नेली. जें हातीं आहे त्यावर काम चालविणें व तें आपल्या हातांनीं नीट ठेवणें, ही त्या भूमीची जुनी शिकवण आहे.

तेव्हां जुना संगणक गांवीं पाठवितांना त्याबरोबर एक कोरी वही पाठवा. तिच्या पहिल्या पानावर ते तीन नियम लिहा: संदेश वाचावा, एका वेळीं एकच बदल करावा, आधीं प्रत ठेवावी. आणि आपल्या स्वतःच्या घरांतील यंत्रांत ज्यांचा आवाज पुन्हां ऐकूं येणार नाहीं अशा कोणाचें ध्वनिमुद्रण असेल, तर त्याची प्रत आज निजण्यापूर्वीं काढा, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.