मुंबईपासून तासाभरावर, तरीही दुर्गम : घारापुरी बेटावरचं गाव आणि आपल्या वस्त्या

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे बेटावरच्या गावाशी आपला काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवून पाहा. सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या कितीतरी गावांचे रस्ते तुटले, पूल पाण्याखाली गेले. दवाखाना पलीकडे आणि आजारी माणूस अलीकडे, अशी गत झाली. पाणी ओसरलं आणि गावं मोकळी झाली. काही गावांचं मात्र बारा महिने असंच असतं. त्यातलं एक गाव देशातल्या सर्वात श्रीमंत शहरासमोर उभं आहे.

ते म्हणजे घारापुरी. इंग्रजीत एलिफंटा. पोर्तुगीजांना तिथे दगडी हत्ती दिसला, म्हणून हे नाव पडलं. तो हत्ती आता बेटावर नाही, भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येतं. गेटवे ऑफ इंडियापासून साधारण दहा किलोमीटर, लाँचने तासाभराचा प्रवास. तिथली लेणी १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. शाळेच्या पुस्तकात आपण लेण्यांचं चित्र पाहतो आणि पान उलटतो. पण त्याच बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोरबंदर अशा तीन वस्त्या आहेत, हजार-बाराशे माणसं राहतात, ग्रामपंचायत आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

या गावात कायमची वीज कधी आली? २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! तोपर्यंत डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळी तीनेक तास दिवे लागायचे, मग अंधार. समोर मुंबईचा झगमगाट रात्रभर दिसायचा, आणि इकडे पोरं कंदिलाखाली अभ्यास करायची. महावितरणने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, सुमारे २५ कोटी खर्च आला, तेव्हा कुठे घराघरात मीटर बसले. दुर्गम म्हणजे लांब, असं आपण धरून चालतो. घारापुरीने ते खोटं ठरवलं. मधलं पाणी ओलांडायचा खर्च थोड्या माणसांसाठी कुणाला करायचा नसतो, म्हणून गाव दुर्गम राहतं.

वीज आली, पण पोटाचं काय? थोडी भातशेती, थोडी मासेमारी सोडली तर सगळं पर्यटकांवर. धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत: टोप्या, माळा, दगडी मूर्ती, काकडी, कैरी, लिंबूसरबत. सोमवारी लेणी बंद, म्हणजे धंदाही बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबतात. पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही, त्यामुळे खोल्या भाड्याने देऊन चार पैसे मिळवायचा रस्ता नाही. त्यात पुरातत्त्व कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. लेणी जपलीच पाहिजेत, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण ज्या लेण्यांमुळे गावाचं पोट भरतं, त्यांच्यामुळेच गावाला वाढायला जागा उरत नाही, हेही खरं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे देशभरातली स्मारकं बंद झाली, तेव्हा या गावाची कमाई एका दिवसात थांबली.

शिवाय जाण्या-येण्याला दुसरी वाट नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून बेटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर लाईफ जॅकेटची सक्ती झाली. पर्यटक हा प्रवास हौसेने वर्षा-दोन वर्षांतून एकदा करतो. बेटावरच्या माणसाला मात्र गॅस सिलिंडर, औषधं, कोर्टकचेरी, पोरांचं कॉलेज, बाळंतपण या सगळ्यासाठी पाणी ओलांडावं लागतं.

मग पाणी ओलांडून कंटाळलेलं गाव काय करतं? उत्तर त्याच रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळ आहे. बेटाला उर्दूत जज़ीरा म्हणतात, शब्द मूळचा अरबी, त्याचंच झालं जंजिरा. हबशी सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना जिंकता आला नाही, हे आपण सगळेच शिकलो. पण तटाच्या आत नांदती वस्ती होती, घरं होती, मशीद होती, गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव तर आजही आहेत. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि पुढच्या काही दशकांत एकेक कुटुंब मुरूड-राजपुरीकडे सरकत गेलं. शाळा, दवाखाना, बाजार, रोजगार सगळं किनाऱ्यावर होतं. गाव उठवायचा हुकूम कुणी काढला नव्हता. आज तिथे फक्त पर्यटक जातात, तेही पावसाळा सोडून.

आता आपल्याकडे या. एखाद्या वाडी-तांड्यावर जिल्हा परिषदेची शाळा असते, पट पंधरा-अठराचा. त्यातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि पट आणखी खाली येतो. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले होते. कागदावर हिशेब बरोबर दिसतो. पण उर्दू माध्यमाच्या लहान शाळेला तो लावून पाहा. मराठी शाळा बंद झाली तर पुढची शेजारच्या गावात सापडते. उर्दू शाळा बंद झाली तर त्याच माध्यमाची पुढची शाळा बहुतेक वेळा थेट तालुक्याला. मुलगा एसटीने जाईलही. मुलीला पाठवायचं की नाही, याचा फैसला घरात काय होतो, हे आम्ही शिक्षक दरवर्षी बघतो.

इथे पालकांनी कायदा माहीत करून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. छोट्या वस्तीजवळ ती नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय शासनाने करायची आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण त्यासाठी हंगामाआधीच मुलांची यादी तयार हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पण बऱ्याच गावांत या समितीची बैठक सह्यांपुरतीच होते. शाळा हलवण्याची कुणकुण लागली तर समितीने लेखी ठराव करावा: दुसरी शाळा पायी किती लांब आहे, ती कोणत्या माध्यमाची आहे, वाटेत ओढा आहे का, गेल्या पावसाळ्यात तो किती दिवस बंद होता आणि किती मुली त्या वाटेने जाणार आहेत. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी.