शेरा आणि शेरेबाजी

बेंगळुरूमधील सरकारी कार्यालयांतल्या कन्नड तक्त्यांत ‘षरा’ या नावाचा रकाना आढळतो आणि मराठी दप्तरांत त्याच जागी ‘शेरा’ असतो. दोन्ही शब्दांचे मूळ ‘स्पष्टीकरण’ या अर्थाच्या अरबी ‘शरह’मध्ये असून, फारसी राज्यकारभाराच्या प्रभावातून ते दोन्ही भाषांत रुळले. 1638 मध्ये विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि 1687 पर्यंत भोसल्यांकडे राहिले, त्यामुळे या शहरात कन्नड, मराठी व फारसी यांचा निकट संबंध आला.

शेरा म्हणजे कागदपत्र पाहून अधिकाराने थोडक्यात नोंदवलेले मत. त्याला ‘बाजी’ हा फारसी प्रत्यय लागताच अर्थ पालटतो आणि ‘शेरेबाजी’ म्हणजे विचार न करता, सहज किंवा खोचकपणे केलेली वक्तव्ये असा होतो. टोमणा आडवळणाने एका व्यक्तीला लागतो, ताशेऱ्यांत कठोर दोषारोप असतो, तर शेरेबाजीत बोलणाऱ्याचा बेजबाबदारपणा प्रकर्षाने दिसतो. म्हणूनच साधार टीकेला शेरेबाजी म्हणणे हा टीकाकारावर अन्याय होय. हा शब्द योजण्यापूर्वी प्रत्येकाने हा भेद ध्यानात घ्यावा.