नव्या वहीच्या दिवसांत रिकामा होणारा हजेरीपट

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी घराण्यांत नवी वही उघडली जाते. कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष लिहिले जाते आणि घरातील लहानथोर त्या वहीला नमस्कार करतात. नेमक्या याच दिवसांत बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात, युसूफ वडगाव आणि त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, दुसऱ्या एका वहीचे रूप पालटू लागते. ती वही म्हणजे शाळेचा हजेरीपट. सुटी संपून शाळा भरते तेव्हा काही नावांपुढे गैरहजेरीची खूण पडू लागते आणि पुढे कित्येक महिने ती तशीच पडत राहते.

कारण सर्वांना ठाऊक आहे. हा बालाघाटाच्या डोंगररांगांचा, पावसाच्या भरवशावर जगणारा मुलूख. खरिपाचे पीक हाती आले की कोरडवाहू शेतीत मजुराला काम उरत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. मग पती-पत्नीचा एक ‘कोयता’ ठरतो आणि टोळी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघते. साधारणतः दसरा-दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा मुक्काम उसाच्या फडाजवळच्या कोपीत असतो. घरी सांभाळणारे कोणी नसेल, तर मुलेही त्याच वाहनात बसतात. थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, चूल पेटविते. तिच्या दप्तराची गाठ पुन्हा सुटेलच याची शाश्वती नसते.

दैवदुर्विलास असा, की ग्रामीण शाळेचा सर्वांत फुललेला ऋतू हाच असतो. पावसाळ्याचा चिखल सरलेला असतो, उन्हाळ्याची काहिली दूर असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात अंगणातच वर्ग भरतो. शिवारात ज्वारी निसवते, हरभऱ्याला घाटे धरतात आणि विज्ञानाचा धडा पुस्तकातून उठून बांधावर जातो. कण्या-कोंडा, पाखरे, दव, धुके यांची नावे मुलांना पाठ करावी लागत नाहीत; ती त्यांच्या डोळ्यांसमोरच असतात.

शाळेच्या दिनदर्शिकेतही हिवाळा भरगच्च असतो. २० डिसेंबर हा संत गाडगेबाबांचा पुण्यदिन. १९५६ साली या दिवशी त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी हाती खराटा घेऊन गावातील रस्ता झाडणारी मुले ग्रामस्वच्छतेचा पाठ कृतीतून शिकतात. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती येते, तर ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंची कथा ऐकताना वर्गातील एखादी रिकामी जागा अधिकच बोलू लागते. १४ जानेवारीपासून मराठी भाषा संवर्धनाचा पंधरवडा सुरू होतो आणि त्याच सुमारास तिळगुळाची देवाणघेवाण होते.

या दिवसांतील एक उपक्रम व्यापारी घरांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. तो म्हणजे ‘बाल आनंद मेळावा’ किंवा ‘आनंदनगरी’. शाळेच्या आवारात मुलेच दुकाने मांडतात. कोणी शेतातील मेथीच्या जुड्या आणतो, कोणी बोरे, कोणी घरी केलेली भेळ. भाव ठरविणे, माप घालणे, सुटे पैसे परत करणे आणि संध्याकाळी खर्च वजा जाता उरले किती हे मांडणे, हे सारे मुले स्वतः करतात. फळ्यावर अवघड भासणारी वजाबाकी येथे अर्ध्या तासात उलगडते. मापात चुकू नये, नासका माल झाकू नये, ही शिकवणही त्याच मेळाव्यात मिळते आणि ती आयुष्यभर पुरते.

श्रमसेवेचा हंगामही हाच. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांतून ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. पुढे ती उच्च माध्यमिक वर्गांपर्यंत पोहोचली. या योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात एखाद्या दत्तक गावी भरतात. अशा शिबिरांत वनराई बंधारा हे आवडते काम असते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरावयाची, तोंडे शिवावयाची आणि ओढ्याच्या अरुंद जागी त्यांची भिंत रचावयाची. खर्च नाममात्र, परंतु वाहून जाणारे पाणी थांबते, लगतच्या विहिरींना आधार मिळतो आणि जनावरांची तहान भागते. ओढ्याची रुंदी मोजणे, गोण्यांचा हिशेब करणे, अडलेल्या पाण्याचे घनफळ काढणे यांतून गणिताचा तास आपोआप पार पडतो. मांजरा धरण याच केज तालुक्यात धनेगाव येथे आहे. तरीही उन्हाळ्यात पाण्याची चणचण काय असते, हे इथल्या लेकरांना कोणी सांगावे लागत नाही.

मूल्यशिक्षणाच्या बाबतीत तर बीड जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रात आदराने घ्यावे लागेल. याच जिल्ह्यात जन्मलेले, भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ साली ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम बीड जिल्ह्यातील सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही संविधानातील मूल्ये उपदेशातून न सांगता जोडीने व गटाने करावयाच्या कृतींतून मुलांच्या अंगी बाणवावीत, ही त्यामागील दृष्टी. या प्रयोगानंतर राज्य शासनाच्या सहकार्याने त्याचा विस्तार महाराष्ट्रातील इतर शाळांत झाला.

परंतु गटात बसण्यासाठी मूल वर्गात असावे लागते. मेळावा, बंधारा, मूल्यांचा तास या साऱ्यांचा लाभ मागे राहिलेल्यांना मिळतो. ज्याला त्याची सर्वाधिक गरज, ते मूल त्या वेळी दूर कोठेतरी फडावर वाढे गोळा करीत असते. म्हणून या भागातील हिवाळी सेवेचा खरा प्रश्न एकच आहे: मुलाला गावात थांबविता येईल का?

त्याचे एक उत्तर म्हणजे हंगामी वसतिगृह. आईवडील ऊसतोडीला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते. दुपारचा आहार शाळेत मिळतोच. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण यांची सोय शासनाच्या साहाय्याने शाळा व्यवस्थापन समिती करते. वरवर पाहता ही केवळ दोन वेळच्या अन्नाची व्यवस्था. पण थकलेल्या आजीला नातवंड ठेवून घेण्याचे धैर्य त्या दोन वेळच्या ताटातूनच येते. ज्यांना जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासोबत शिक्षण हमी पत्रक दिले जाते, जेणेकरून जेथे मुक्काम पडेल तेथील शाळेत मुलाला बसता यावे.

जैन समाजाला हा मार्ग अपरिचित नाही. बीड जिल्ह्यातच, आष्टी तालुक्यातील कडा येथे, अमोलक ऋषीजी महाराजांच्या नावाने उभी असलेली शिक्षणसंस्था ज्ञानदानाचे कार्य करीत आली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या वेळी संकट एका पहाटे कोसळले होते आणि साऱ्या देशाने ते पाहिले. ऊसतोडीच्या मुलांचे संकट मात्र दरवर्षी गाजावाजा न करता येते आणि म्हणूनच ते नजरेआड राहते.

शिबिर सात दिवसांत आटोपते. कारखान्याचा हंगाम पाच-सहा महिने चालतो. सेवेचे मोजमाप त्या लांब कालावधीनेच व्हावयास हवे. बाजारपेठेतील दुकानात रोज रिकाम्या होणाऱ्या गोण्या एखाद्या बंधाऱ्याच्या भिंतीत जाऊ शकतात. आनंदनगरीच्या आदल्या दिवशी एखादा जाणता व्यापारी शाळेत जाऊन तराजू धरावयास आणि जमाखर्च लिहावयास शिकवू शकतो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात डाळ, तेल वा गूळ कमी पडतो का, याची चौकशी पाडव्याला एकदा आणि संक्रांतीला पुन्हा एकदा करता येते. संध्याकाळी अभ्यासासाठी एक दिवा, एक सतरंजी आणि शेजारी बसणारे एक मोठे माणूस मिळाले, तर अंधार पडताच आईच्या आठवणीने व्याकुळ होणारे लेकरू पाढे म्हणत झोपी जाते.

चैत्राच्या सुमारास टोळ्या परततात. वाहनातून उतरलेली आई प्रथम आपल्या लेकराला जवळ घेते आणि शाळेत गेला होतास का, म्हणून विचारते. व्यापाऱ्याच्या वहीत तोवर निम्म्या वर्षाचा जमाखर्च मांडून झालेला असतो. त्याच सुमारास शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत हजेरी अखंड लागलेली दिसली, तर त्या हिवाळ्यात गावाची जमेची बाजू भरली, असे म्हणावे.