एका क्रियापदाचे अनेक सोबती

मागील पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत भाषांतराचा तास चालला होता. मीं फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिलें : ‘दि ऑर्डर वॉज कॅरिड आउट ॲट वन्स.’ केनवडच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें उभें राहून मोठ्या धीटपणें त्याचें मराठी सांगितलें, “हुकूम ताबडतोब बाहेर वाहून नेण्यांत आला.” सारा वर्ग हंसला, आणि कबूल करण्यास लाज वाटते, पण मीहि हंसलों. मुलगा मात्र हंसला नाहीं. तो म्हणाला, “सर, कॅरी म्हणजे वाहून नेणें आणि आउट म्हणजे बाहेर, हें आपणच शिकविलें. मग माझें चुकलें कोठें?” मीं म्हटलें, “तो वाक्प्रचार आहे, पाठ करून टाक.” हें कांहीं उत्तर नव्हे, हें मला त्याच वेळीं कळलें होतें. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं. त्याला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर येथें देत आहें. तें इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल, अशी आशा वाटते.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, मुलाचें फारसें चुकलें नव्हतें. इंग्रजींतील ‘आउट’ ह्या शब्दास ‘बाहेर’ ह्याखेरीज ‘अखेरपर्यंत’ असाहि एक अर्थ आहे. कपडा झिजून अगदीं निकामी झाला म्हणजे तो ‘वेअर आउट’ झाला. एखाद्याचें बोलणें मध्यें न तोडतां शेवटपर्यंत ऐकून घेणें म्हणजे त्याला ‘हिअर आउट’ करणें. त्याप्रमाणेंच जें आधीं कोणाच्या मुखांत, मनांत किंवा कागदावर होतें, तें कृतीच्या शेवटापर्यंत वाहून नेणें म्हणजे ‘कॅरी आउट’. आतां आपल्या मराठीकडे पाहा. आपणहि काम ‘तडीस नेतों’, आणि तड म्हणजे कांठ. आपण काम ‘पार पाडतों’, आणि पार म्हणजे पैलतीर. इंग्रजानें डोक्यावर ओझें घेतलें, आपण नदी ओलांडली, इतकाच काय तो फरक! ‘वाहून नेण्यांत आला’ म्हणणारा मुलगा बरोबर वाटेवर होता. त्याला दोन पावलें पुढें नेण्याऐवजीं मीं त्याला खालीं बसविलें.

मग ‘हुकूम तडीस नेला’ असें कां म्हणूं नये? खरी गोम येथेंच आहे. क्रियापदाचा अर्थ त्याच्या एकट्याच्या बळावर ठरत नाहीं. त्याच्या शेजारीं कोणतें नाम येऊन बसलें आहे, तें पाहून ठरतो. ‘कॅरी आउट’च्या पुढें ‘ऑर्डर’ आली कीं मराठींत हुकुमाची अंमलबजावणी होते. ‘प्लॅन’ आला तर बेत तडीस जातो. ‘ड्यूटी’ आली तर आपण कर्तव्य बजावतों. ‘प्रॉमिस’ असेल तर वचन पाळतों, पण ‘थ्रेट’ असेल तर धमकी पाळीत नाहीं, ती खरी करून दाखवितों. मरणाऱ्या माणसाची ‘लास्ट विश’ असेल तर त्याची शेवटची इच्छा पुरी करतों. ‘एक्सपेरिमेंट’ आणि ‘रिपेअर्स’ ह्यांच्या वांट्यास मात्र आपलें साधें ‘करणें’ येतें : प्रयोग केला, दुरुस्ती केली. कोणी म्हणेल, इंग्रजी एका शब्दांत भागविते आणि मराठी उगाच पसारा मांडते. मला तसें वाटत नाहीं. वचन आणि धमकी ह्यांना आपण एका क्रियापदाखालीं बसवीत नाहीं, ह्यांत आपल्या भाषेचा विवेक आहे.

पण ह्या इंग्रजी क्रियापदाचीहि सर्वांशीं सोयरीक जमत नाहीं. आधीं ठरलेलें, कोणी सोंपविलेलें किंवा पायरीपायरीनें करावयाचें असें कांहीं त्याला शेजारीं लागतें. म्हणून ‘मिस्टेक’ कोणी ‘कॅरी आउट’ करीत नाहीं. चूक कोणी आंखून करीत नसतो, ती ‘मेक’ होते. संभाषण चालूं ठेवावयाचें असतें, शेवटास न्यावयाचें नसतें. म्हणून तें ‘कॅरी ऑन’ होतें. घरचा अभ्यास तर शिक्षकांनीं सोंपविलेलाच असतो. तरी तो ‘डू’च करावयाचा. येथें नियम थांबतो आणि वहिवाट सुरू होते.

सर्वांत मोठा घोटाळा ‘एक्झामिनेशन’ ह्या शब्दाचा. डॉक्टर रोग्याची ‘एक्झामिनेशन’ ‘कॅरी आउट’ करतो. विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो व गुरुजी घेतात; इंग्रजींत विद्यार्थी घेतो व शिक्षक देतात. मराठीच्या ओघांत आपलीं मुलें ‘आय गेव्ह माय एक्झामिनेशन’ असें लिहितात. हिंदुस्थानांतील बोलण्यांत हें आतां रुळलें आहे खरें. पण असा अर्ज परदेशीं गेला, तर वाचणारा अर्जदारास परीक्षक समजावयाचा. एका लहानशा शब्दापायीं हुशार मुलगा अडाणी ठरूं नये, म्हणून मी ह्या गोष्टीचा इतका आग्रह धरतों.

ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनीं हें प्रकरण आपल्या आवांक्याबाहेरचें मानूं नये. वावरांत आपण पिकास पाणी देतों, शेणखत मात्र घालतों. वखराची पाळी देतों, पण बैल जुंपतों. ‘पाणी जुंपलें’ असें तीन वर्षांचें पोरहि म्हणणार नाहीं. कोणत्या नामास कोणतें क्रियापद, हें आपणांस कोणी शिकविलें नाहीं. तें आईच्या तोंडून ऐकतां ऐकतां अंगीं मुरलें. परक्याला मात्र तेंच घोकून शिकावें लागतें.

ही अडचण जेम्स मोल्सवर्थ ह्यांनीं चांगली ओळखली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंतील ह्या अधिकाऱ्यानें पंडितांच्या आणि जॉर्ज व टॉमस कँडी ह्या बंधूंच्या साहाय्यानें मराठी-इंग्रजी कोश रचला. त्याची पहिली आवृत्ति 1831 सालीं व वाढविलेली दुसरी 1857 सालीं निघाली. ह्या दुसऱ्या आवृत्तींत पुष्कळ नामांपुढें केवळ अर्थ देऊन ते थांबले नाहींत. एक लहानशी खूण करून त्या नामास चालणारीं मराठी क्रियापदेंहि त्यांनीं नोंदविलीं. शिकणाऱ्याची नड अशी ओळखणारा कोशकार विरळा. इंग्रजी शब्दांच्या अशा सोयरिकींवर हॅरल्ड पामर ह्यांचें टिपण टोकियो येथें 1933 सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच शहरीं 1942 सालीं हॉर्न्बी व त्यांचे सहकारी ह्यांनीं परभाषीय विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजी कोश काढला. म्हणजे आपल्या मराठीची ही सोय त्याच्या पाऊणशें वर्षें आधीं झालेली होती!

मोल्सवर्थ ह्यांचीच रीत मीं आतां वर्गांत उचलली आहे. वहीच्या पानाच्या माथ्यावर क्रियापद न लिहितां नाम लिहावें, आणि वाचनांत त्या नामाजवळ जें जें क्रियापद आढळेल, तें खालीं टिपीत जावें. घरीं आईबापांनीं एवढेंच विचारावें, “आज कोणत्या शब्दाला कोणता सोबती मिळाला?” उत्तर इंग्रजींत आलें तरी मुलाच्या आवाजावरून त्याला तें येतें कीं नाहीं, हें सहज कळतें.

ही रीत सुरू केल्यावर तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं त्या मुलानें पुनः हात वर केला. त्याच्या वावरांत विहिरीचें काम चाललें होतें. त्यानें विचारलें, “सर, आम्ही विहीर कॅरी आउट केली, असें चालेल काय?” मीं म्हटलें, “विहिरीचें काम कॅरी आउट होईल, पण विहीर नाहीं. इंग्रजींत विहीर खणतात.” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “मराठींत तर विहीर पाडतात, सर. आणि घरहि पाडतात!” वर्ग पुनः हंसला. ह्या वेळीं तोहि हंसला.